लग्नाचे फोटो हातात यायला इतका वेळ का लागतो? चार हजार फोटोंतून अल्बमपर्यंतचा प्रवास

लग्न होऊन महिना झालेला असतो. सत्यनारायण झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, नवरा-नवरी कामावर रुजू झाले. तरी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न काही थांबत नाही. "फोटो आले का?"

फोटोग्राफरकडून उत्तर येतं, "काम चालू आहे, पुढच्या आठवड्यात देतो." पुढचा आठवडा येतो आणि जातो. घरच्यांना वाटतं, फोटो तर त्याच दिवशी कॅमेऱ्यात दिसत होते, मग अडलंय कुठे?

अडलेलं असतं ते निवडीत आणि एडिटिंगमध्ये. ही दोन कामं नीट पद्धतीने केली तर काही दिवसांत होतात. पद्धत नसेल तर त्यांत महिने जातात, आणि कधी कधी घरच्यांना सर्वांत हवा असलेला फोटोच गायब होतो.

एवढे फोटो येतात कुठून?

रोलच्या काळात ३५ मिलिमीटरच्या एका रोलमध्ये साधारण ३६ फोटो बसायचे. प्रत्येक क्लिकला रोलचा आणि धुलाईचा खर्च होता. त्यामुळे फोटोग्राफर आधी सगळ्यांना नीट उभं करायचा, मग बटण दाबायचा.

आजचे अनेक कॅमेरे सेकंदाला १० किंवा त्याहून जास्त फोटो काढतात. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट दूर झाला, की फोटोग्राफर बटण दाबूनच ठेवतो. कारण त्या क्षणी काहीही होऊ शकतं. अक्षता चेहऱ्यासमोरून उडतात आणि कॅमेरा चेहऱ्याऐवजी अक्षतांवर फोकस करतो. कुणाचा तरी मोबाईल धरलेला हात मध्ये येतो. नवरीचे डोळे मिटतात. पंधरा फोटो काढले तर त्यांतला एखाद-दुसराच मनासारखा निघतो.

त्यात एक फोटोग्राफर 'ट्रॅडिशनल' म्हणजे विधी आणि स्टेजवरचे ग्रुप टिपत असतो, दुसरा 'कँडिड' म्हणजे नकळतचे क्षण. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन असं सगळं धरलं तर चार हजार फोटो सहज होतात.

आता साधा हिशोब करू. प्रत्येक फोटोवर ३० सेकंद विचार केला तर ४,००० फोटोंना ३३ तासांहून जास्त वेळ लागतो. तोच निर्णय २ सेकंदांत घेतला तर सव्वादोन तासांत काम संपतं. शिवाय तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की एका लग्नाचं काम संपायच्या आत दुसऱ्या लग्नाची कार्डं भरून येतात. एक लग्न रेंगाळलं की मागची सगळी रांग थांबते.

आधी कॉपी, मग बाकी सगळं

घरी आल्यावर फोटो बघायचा मोह होतो. पण पहिलं काम ते नाही. आधी सगळ्या कार्डांमधला डेटा दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करावा लागतो. दोन्हीकडे फाइल उघडतात का, संख्या जुळते का, हे तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नसतं.

यासाठी जगभर '३-२-१' असा नियम सांगितला जातो. डेटाच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवायच्या, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे हा नियम प्रसिद्ध झाला. एडिटिंग बिघडलं तर पुन्हा करता येतं. डिस्क बंद पडली तर लग्न पुन्हा लावता येत नाही.

दुसरी काळजी घड्याळाची. दोन कॅमेऱ्यांच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक असेल तर फाइल वेळेनुसार लावल्यावर सप्तपदी आधी आणि कन्यादान नंतर दिसायला लागतं. लग्नाआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवली तर हा घोळ होत नाही. राहून गेलंच, तर लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढे-मागे करता येते.

निवड कशी करतात?

तांदूळ निवडताना खडे बाजूला काढतात. फोटो निवडताना मात्र उलट करणं सोपं पडतं. वाईट फोटो शोधून काढत बसण्यापेक्षा चांगले तेवढे उचलायचे. 'हा फोटो वाईट आहे का?' या प्रश्नावर मन अडतं, कारण बहुतेक फोटो वाईट नसतात, ते नुसते एकसारखे असतात. 'हा अल्बममध्ये घेण्यासारखा आहे का?' या प्रश्नाचं उत्तर लवकर मिळतं.

अनुभवी फोटोग्राफर हे काम साधारण तीन फेऱ्यांत करतात.

• पहिली फेरी: झरझर पुढे जायचं आणि पसंत पडलेल्या फोटोंवर खूण करायची. लाइटरूम क्लासिकमध्ये 'पी' दाबलं की फोटो निवडला जातो, 'एक्स' दाबलं की नाकारला जातो. कॅप्स लॉक चालू असेल तर खूण केल्यावर पुढचा फोटो आपोआप येतो.

• दुसरी फेरी: एकाच क्षणाचे पाच-सहा फोटो उरले असतील तर ते शेजारी-शेजारी ठेवून त्यांतला एक घ्यायचा. डोळे, फोकस, हातांची ठेवण आणि मागची गर्दी एवढंच बघायचं.

• तिसरी फेरी: लग्नाची गोष्ट पूर्ण होते का ते बघायचं. एखादा विधी राहिला का? मामा, आत्या, करवली, दोन्हीकडचे आजी-आजोबा सगळे आले का?

वेग येण्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये एक छोटा जेपीईजी फोटोही दडलेला असतो. फोटो मेकॅनिकसारखं सॉफ्टवेअर मूळ जड फाइल उघडत बसत नाही, तो तयार जेपीईजी दाखवतं. म्हणून त्यात फोटो लगेच पुढे सरकतात. लाइटरूममध्येही काम सुरू करण्याआधी प्रिव्ह्यू तयार करून ठेवले, अगदी रात्री संगणक चालू ठेवून, तर सकाळी प्रत्येक फोटोसाठी थांबावं लागत नाही.

एआय हे काम करू शकतं का?

काही प्रमाणात करू शकतं. आफ्टरशूट, नॅरेटिव्ह सिलेक्ट यांसारखी साधनं मिटलेले डोळे आणि हललेला फोटो ओळखतात, एकसारख्या फोटोंचे गट करतात. चार हजारांचा ढीग त्यामुळे बराच आटोक्यात येतो.

पण महाराष्ट्रातल्या लग्नात जाणीवपूर्वक मिटलेले डोळे बरेच असतात. गौरीहरापुढे बसलेली नवरी खाली बघत असते. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना डोळे झुकलेले असतात. होमाच्या धुराने फोटो धूसर होतो, मुंडावळ्या चेहऱ्यासमोर येतात. पाठवणीच्या वेळी मुलीला मिठी मारलेल्या बापाचे डोळे मिटलेलेच असतात. यंत्राला हे सगळे दोष वाटू शकतात. घरच्यांसाठी तोच फोटो सगळ्यांत मोलाचा असतो.

म्हणून यंत्राने नाकारलेल्या फोटोंवरूनही एकदा नजर फिरवावी लागते. विशेषतः विधींच्या आणि पाठवणीच्या.

थोडा हललेला फोटो टाकायचा का?

निवडीत खरी चूक इथे होते. फोटोग्राफरला आजोबा म्हणजे पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ. त्यांचा एकच फोटो आहे, तोही थोडा हललेला. तांत्रिकदृष्ट्या तो बाद होतो. पण वर्षभरात आजोबा गेले, तर नातीला आशीर्वाद देतानाचा तो त्यांचा एकमेव फोटो असतो. तेव्हा फोन येतो आणि फाइल पुसलेली असते.

यावर उपाय सोपा आहे. लग्नाआधी घरच्यांकडून दहा-पंधरा महत्त्वाच्या माणसांची यादी आणि त्यांचे फोटो मागून घ्यायचे. या माणसांचे फोटो निवडताना निकष सैल ठेवायचा. आणि नाकारलेले फोटो लगेच पुसायचे नाहीत. निदान अल्बम हातात पडून घरच्यांचं समाधान होईपर्यंत ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे.

एडिटिंग लवकर कसं होतं?

समजा ६०० फोटो निवडले. प्रत्येकावर पाच मिनिटं काम केलं तर ५० तास लागतील. म्हणून फोटो एकेक करून नाही, गटागटाने एडिट करतात.

एकाच जागी, एकाच उजेडात काढलेले फोटो एका गटात घेतात. त्यातला एक फोटो नीट करतात: आधी व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा समतोल, मग उजेड, मग कॉन्ट्रास्ट. त्याच सेटिंग्ज 'सिंक' करून पूर्ण गटाला लावतात. नंतर फोटोगणिक किरकोळ दुरुस्ती आणि क्रॉप उरतो. एका फोटोला सरासरी एक मिनिट लागलं तर ५० तासांचं काम १० तासांवर येतं. इमॅजेनसारखी एआय साधनं फोटोग्राफरचं जुनं काम शिकून असा पहिला हात फिरवून देतात. डाग काढणं, मागची वायर पुसणं अशी फोटोशॉपची कामं फक्त अल्बमच्या मोठ्या पानांवर जाणाऱ्या फोटोंसाठी राखून ठेवतात.

इथे रॉ फाइलचा उपयोग होतो. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणूनच अंधारलेला चेहरा उजळताना किंवा बिघडलेला रंग दुरुस्त करताना रॉ फाइल जास्त साथ देते.

सर्वांत अवघड असतो कार्यालयातला उजेड. स्टेजवर पिवळे हॅलोजन, मागे निळे-जांभळे एलईडी, खिडकीतून येणारं ऊन आणि वर लाल कापडाचा मांडव. चेहऱ्याची एक बाजू पिवळी, दुसरी निळसर दिसते. एकच प्रीसेट सगळ्या लग्नावर टाकला तर हळदीचे फोटो फिके पडतात, हिरवा चुडा काळपट दिसतो आणि पिवळ्या शालूचा रंग केशरी होतो. ओळखीच्या गोष्टींवरून रंग तपासता येतो. मोगऱ्याच्या कळ्या पांढऱ्या दिसतात का? चुडा हिरवाच आहे का?

त्वचेच्या रंगाबाबतही हेच लागू पडतं. चेहरे 'उजळ' करण्याची मागणी घरातून येते किंवा फोटोग्राफर सवयीने तसं करतो. मग अल्बम उघडल्यावर नवरीलाच तो चेहरा आपला वाटत नाही. उजेड दुरुस्त करणं आणि माणसाचा रंग बदलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरच्यांनी काय करावं?

उशीर दरवेळी फोटोग्राफरकडूनच होतो असं नाही. अल्बमसाठी फोटो निवडायला दिलेला पेनड्राइव्ह अनेक घरांत महिनोन् महिने कपाटात पडून असतो. काही गोष्टी आधीच ठरवल्या तर दोन्हीकडची ओढाताण वाचते.

• किती एडिट केलेले फोटो, किती दिवसांत, अल्बमची किती पानं आणि रॉ फाइल मिळणार की नाही, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावं.

• स्टेटस आणि सोशल मीडियासाठी २०-२५ फोटो आठवडाभरात मागावेत. बाकीच्या कामाला मग शांतपणे वेळ देता येतो.

• अल्बमची निवड दोघा-तिघांनीच करावी. ती पूर्ण ग्रुपवर टाकली की प्रत्येकाला स्वतःचा फोटो हवा असतो.

• व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले फोटो लहान होतात. प्रिंट काढायची असेल तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत किंवा ड्राइव्हची लिंक घ्यावी.

• फोटो मिळाले की स्वतःकडेही दोन प्रती ठेवाव्यात. फोटोग्राफर आयुष्यभर डेटा सांभाळेल असं गृहीत धरू नये.

फोटो निवडणाऱ्यासाठी ते त्या हंगामातल्या अनेक लग्नांपैकी एक असतं, घरच्यांसाठी एकमेव. दहा-पंधरा महत्त्वाच्या माणसांची ती यादी वेळेत दिली, तर फोटोग्राफरलाही पहिल्या रांगेतले आजोबा कोण आहेत हे कळतं.