अँटीव्हायरस गेम अडवतोय? तो बंद न करता असा काढा मार्ग

गेम डाउनलोड झाला, पण सुरूच होत नाही. अशा वेळी अनेक जण सरळ अँटीव्हायरस बंद करतात. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर हा उपाय महागात पडू शकतो.

गेमवर संशय का?
अँटीव्हायरस ओळखीच्या व्हायरसबरोबरच फाइलचे वर्तनही तपासतो. पायरसी रोखणारी यंत्रणा गेमचा कोड दडवते, तर अँटी-चीट सॉफ्टवेअर इतर प्रोग्रामवर नजर ठेवते. मालवेअरच्या सवयीही अशाच असतात.

काय करावे?
'विंडोज सिक्युरिटी'तील 'प्रोटेक्शन हिस्टरी'मध्ये नेमकी कोणती फाइल अडवली, ते पाहा. गेम अधिकृत स्टोअरमधून घेतला असेल, तरच ती 'रिस्टोअर' करा. तीच फाइल पुन्हा अडवली गेली, तर फक्त त्या गेमच्या फोल्डरला 'एक्सक्लुजन' द्या, संपूर्ण ड्राइव्हला नाही.

गेम चालतो, पण सेव्ह होत नाही? 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' तपासा. रॅन्समवेअरपासून वाचवणारी ही सुविधा अनोळखी प्रोग्रामला 'डॉक्युमेंट्स'मध्ये बदल करू देत नाही. ती सुरू ठेवून तेवढ्या गेमला परवानगी देता येते.

फायरवॉलचे काय?
गेम पहिल्यांदा सुरू करताना आलेल्या चौकटीत 'कॅन्सल' दाबले, तर त्याला अडवणारा नियम तयार होऊ शकतो. मग आपण सुरू केलेल्या खेळात मित्रांना येता येत नाही. फायरवॉलच्या परवानगी यादीत त्या गेमसमोर 'प्रायव्हेट'वर टिक करा.

एखादे क्रॅक किंवा चीट टूल 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असे सांगत असेल, तर ते इन्स्टॉलच करू नका.