ओळख पटली म्हणजे संमती मिळाली?

1858 मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारनाम्याच्या पाठीवर घेतला. कंत्राटदाराने पुढे करार नाकारू नये, हा त्यामागील हेतू. ठसा माणूस कोण, हे सांगतो. त्याने काय समजून होकार दिला, हे सांगत नाही.

मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीबाबत आज हाच भेद पुसला जात आहे. दुकानात बिल करताना ग्राहकाचा क्रमांक विचारला जातो, आलेले अंक तो वाचून दाखवतो आणि काही दिवसांत जाहिरातींचा ओघ सुरू होतो. ग्राहकाच्या लेखी ती केवळ पडताळणी असते. व्यापाऱ्याच्या दफ्तरी ती संमती ठरते. बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नका, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याला मे 2023 मध्ये किरकोळ विक्रेत्यांना बजावावे लागले.

बँक व्यवहाराच्या प्रत्येक ओटीपीसाठी वेगळी परवानगी घ्यावी, असा आग्रह मी धरणार नाही. तो ग्राहकाच्याच कृतीतून उद्भवतो आणि त्याच्याच पैशाचे रक्षण करतो. शिवाय अशा संदेशांच्या वाटेतील अडथळा महागात पडतो. मार्च 2021 मध्ये नोंदणीकृत नमुन्याशी न जुळणारे संदेश अडवले जाऊ लागताच देशभर ओटीपी खोळंबले आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाला ती तपासणी तात्पुरती स्थगित करावी लागली.

प्रश्न आहे तो सुरक्षेसाठी दिलेला क्रमांक विक्रीसाठी वापरण्याचा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. ती देण्याइतकेच मागे घेणेही सुलभ असले पाहिजे. त्याच वर्षी नियामकाने व्यावसायिक संदेशांसाठी डिजिटल संमतीची स्वतंत्र व्यवस्था उभारण्याचे आदेश दूरसंचार कंपन्यांना दिले. चौकट आहे, शिस्त हवी.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. ओटीपीच्या संदेशातच त्याचे प्रयोजन ग्राहकाच्या भाषेत लिहावे. पडताळणीचा ओटीपी जाहिरातीच्या संमतीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये. आणि जाहिराती नाकारणाऱ्याचे बिल वा सेवा अडवू नये.

प्रशासनात अंगठ्याखालचा मजकूर वाचून दाखवल्याची नोंद करण्याची प्रथा आहे. निरक्षरासाठी आपण जे आवश्यक मानले, ते मोबाइलधारक नागरिकाला नाकारण्याचे कारण नाही.