मोरचूद, चुना आणि एक लोखंडी खिळा

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीकडे गेलात तर द्राक्षाच्या पानांवर आकाशी डाग दिसतील. ते बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास केवड्यावर, म्हणजे आपल्याकडच्या डाउनीवर, ते सुचवलं. स्टॉइकिओमेट्री शिकायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

एक टक्क्याची जुनी कृती अशी: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही एकेक किलो, म्हणजे सारखेच? इथेच फसायला होतं. अभिक्रिया किलोत होत नाही, मोलमध्ये होते.

मोरचूद म्हणजे पाण्याचे पाच रेणू धरून बसलेलं कॉपर सल्फेट, मोलर मास २४९.७. म्हणून १ किलोत ४ मोल. विरवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ७४.१, १ किलोत १३.५ मोल. तिपटीहून जास्त!

आता दहावीच्या पुस्तकातलं दुहेरी विस्थापन लावा: एकास एक मोल, तयार होतात कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट. मग चुना लागेल ४ × ७४.१, साधारण २९७ ग्रॅम. पण प्रत्यक्षात बसणारा निळा साका बहुतांशी बेसिक कॉपर सल्फेटचा असतो, आणि त्याला चार मोल तांब्यामागे तीनच मोल चुना पुरतो. म्हणजे सुमारे २२२ ग्रॅम. समीकरण बदललं की उत्तर बदललं. त्यामुळे आकडेमोडीआधी विचारा, खरंच काय तयार होतंय?

मग शेतकरी जास्त चुना का घालतात? कारण पोत्यातला चुना शुद्ध नसतो. उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि तो इथे फारसा कामाचा नाही. समजा तुम्ही ४०० ग्रॅम चुना घेतला, पण खरा चुना निम्माच निघाला. २०० ग्रॅम म्हणजे २.७ मोल. त्याने ३.६ मोल तांबं बसेल. उरलेलं ०.४ मोल, म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम मोरचूद, पाण्यात मोकळं. कोवळी पानं करपवणारं तांबं हेच. लिमिटिंग रिएजंट चुकला तर इथे मार्क नाही जात, बाग जाते.

माझीही एक कबुली. पीएचडीच्या पहिल्या वर्षी कॉपर सल्फेटचं एक मोलर द्रावण करताना मी १५९.६ ग्रॅम तोललं. तो आकडा निर्जल क्षाराचा, आणि बाटलीत होता मोरचूद. द्रावण झालं ०.६४ मोलरचं. तीन आठवड्यांची रीडिंग्ज टाकून द्यावी लागली. बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचा, 'पेंटाहायड्रेट' या शब्दासकट!

बागेतली तपासणी मात्र साधी आहे. तयार मिश्रणात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा विळा थोडा वेळ बुडवायचा. मोकळं तांबं असेल तर लोखंड त्याला विस्थापित करतं आणि तांबूस थर चढतो. (म्हणूनच हे मिश्रण लोखंडी टाकीत करत नाहीत, प्लास्टिकच्या ड्रममध्ये करतात.) थर दिसला तर फवारणी थांबवा, आणखी चुन्याची निवळी घाला, ढवळा आणि खिळा पुन्हा घासून बुडवा.