सॉकेट प्रोग्रामिंगची सुरुवात

दोन संगणकांवर चालणाऱ्या दोन प्रोग्रामांना एकमेकांशी बोलायचे असेल, तर दोघांकडेही जोडणीचे एकेक टोक लागते. या टोकाला सॉकेट म्हणतात. ब्राउझरमध्ये पान उघडते किंवा मोबाइलवर मेसेज येऊन पडतो, तेव्हा तळाशी सॉकेटच काम करत असते.

सॉकेटचे आजचे रूप कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकतज्ज्ञांनी घडवले. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटने टीसीपी/आयपी हे संवादाचे नियम स्वीकारले आणि त्याच वर्षी बर्कलीच्या युनिक्सची ४.२बीएसडी ही आवृत्ती सॉकेट घेऊन बाहेर आली. तेव्हा ठरलेली फंक्शनांची नावे जवळपास तशीच टिकली आहेत. विंडोजचे विनसॉक त्याच वळणाचे आहे. पायथनचे सॉकेट मोड्यूल म्हणजे तर याच फंक्शनांवरचे पातळ आवरण. ते पायथनसोबतच येते, वेगळे इन्स्टॉल करावे लागत नाही, म्हणून नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

सर्व्हर आधी सॉकेट तयार करतो, ‘बाइंड’ने त्याला पत्ता आणि पोर्ट देतो, ‘लिसन’ने कान उघडे ठेवतो आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’वर थांबून राहतो. क्लायंटला ‘कनेक्ट’ एवढेच पुरते. सरावासाठी १२७.०.०.१ हा पत्ता वापरावा. तो स्वतःच्याच संगणकाकडे वळतो, त्यामुळे दोन टर्मिनल उघडून सगळा प्रयोग एकाच यंत्रावर होतो. पोर्टचा क्रमांक ६५५३५ पर्यंत घेता येतो, मात्र युनिक्स वळणाच्या यंत्रणांवर १०२४ च्या खालच्या पोर्टांना सहसा विशेष परवानगी लागते. ‘अ‍ॅक्सेप्ट’ दर वेळी नवे सॉकेट हातात देते. बोलणे त्या नव्या सॉकेटवरून करायचे असते. जुने सॉकेट पुढच्या क्लायंटची वाट पाहत राहते. नवशिके इथे हमखास गोंधळतात.

खरी मेख मात्र पुढे आहे. टीसीपी संदेश पोहोचवत नाही, बाइटांचा प्रवाह पोहोचवते. पन्हळीत वरून दोन तांबे पाणी ओतले तरी खाली एकच धार पडते. कुठला तांबा कुठे संपला हे धारेवरून कळत नाही. आलेले बाइट वाचणाऱ्या ‘रिसीव्ह’ला १०२४ हा आकडा दिला, तर त्याचा अर्थ ‘जास्तीत जास्त १०२४ बाइट’ एवढाच. प्रत्यक्षात दहाही येऊ शकतात.

एका खेपेत अख्खा संदेश येईल असे धरून चालण्याची चूक मराठी मजकुरात ठळक दिसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नमस्कार’मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट. पहिल्या खेपेला दहाच आले, तर ‘नमस’ पूर्ण होतो आणि हलन्ताचा एक बाइट लोंबकळत राहतो. तेवढ्याचे अक्षरांत रूपांतर करायला गेले की पायथन एरर देतो. एकाच यंत्रावर छोटा संदेश बहुधा अखंड येतो, म्हणून दोष दडून राहतो आणि खऱ्या नेटवर्कवर अवचित डोके वर काढतो.

उपाय सरळ आहे. संदेशाआधी चार बाइटांत त्याची लांबी पाठवायची आणि तितके बाइट हाती येईपर्यंत लूपमध्ये वाचत राहायचे. अक्षरांत रूपांतर त्यानंतरच. एचटीटीपीमध्येही मजकुराची लांबी अशी हेडरमध्ये आधी सांगण्याची सोय आहे. पाठवतानाही ‘सेंड’ अर्धाच मजकूर पाठवून परत येऊ शकते, म्हणून ‘सेंडऑल’ वापरावे. ‘रिसीव्ह’कडून रिकामे उत्तर आले, तर समोरच्याने पाठवणे थांबवले असे समजून लूपमधून बाहेर पडावे, नाहीतर प्रोग्राम तिथेच गरगरत राहतो.

सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला, तर पत्ता वापरात असल्याची तक्रार येऊ शकते. संपलेली जोडणी टीसीपी थोडा वेळ स्मरणात ठेवते, त्याचा हा परिणाम. लिनक्सवर ‘बाइंड’पूर्वी पत्ता पुन्हा वापरण्याचा पर्याय चालू केला की अडचण मिटते.

एकापेक्षा अधिक क्लायंट सांभाळायचे झाले, तर प्रत्येकासाठी वेगळा थ्रेड हा सोपा मार्ग. संख्या वाढली की पायथनच्या असिंकआयओ मोड्यूलकडे वळावे. पत्ता ०.०.०.० असा दिला, तर सर्व्हर यंत्राच्या सगळ्या नेटवर्कांवर उघडा होतो आणि साध्या सॉकेटवरचा मजकूर वाटेत कोणालाही वाचता येतो. म्हणून स्वतःच्या यंत्राबाहेर जाण्यापूर्वी पायथनच्या एसएसएल मोड्यूलने सॉकेटला कूटबद्ध करून घ्यावे.