सॉफ्ट टॉप गळतोय? आधी पाण्याची वाट शोधा, मग सिलिकॉन काढा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी पाइप घेऊन एका जुन्या गाडीचं कापडी छत भिजवताना तुम्ही पाहिलंत. व्हिडिओत सगळं सांगून होत नाही, म्हणून पूर्ण पद्धत इथे लिहून देतोय. कार अ‍ॅक्सेसरीज, सीट कव्हर किंवा डिटेलिंगचं काम सुरू करायचा विचार असेल, तर हे नीट वाचा. हे काम करणारे कमी आहेत आणि चुकीचं करणारे जास्त. एकेकाळी मीही त्यातलाच होतो.

माझ्याकडे आलेली पहिली सॉफ्ट टॉप गाडी दोन सीटची, जुनी होती. सीटमागे पाणी साचायचं. वरच्या शिवणीत मला बारीक फट दिसली. सिलिकॉनची ट्यूब काढली, फट बुजवली, १,८०० रुपये घेतले. अर्ध्या तासाचं काम! मी खूश. चार दिवसांनी पाऊस झाला आणि गाडी परत दारात. मॅटिंग ओलं, सीटखालचा वायरिंगचा कप्लर गंजलेला. मी पैसे परत करायला लागलो तर ते काका म्हणाले, "पैसे नकोत रे, गाडी कोरडी करून दे." ते वाक्य मला बीबीएच्या तीन वर्षांपेक्षा जास्त शिकवून गेलं.

चूक कुठे झाली?

पाणी जिथे दिसतं, तिथूनच ते आत आलेलं असतं असं नाही. कन्व्हर्टिबलमध्ये छताचं कापड मागे जिथे संपतं, तिथे आत एक पन्हळ असते. कापडावरून ओघळलेलं पाणी या पन्हळीत येतं आणि दोन्ही बाजूंच्या ड्रेनमधून गाडीखाली जातं. माझदाची १९८९ साली आलेली एमएक्स-५, म्हणजे मिआटा, याचं जगभर माहीत असलेलं उदाहरण. तिचे ड्रेन सीटच्या मागे आहेत. ते तुंबले की पाणी उलटं आत येतं. छत नवं कोरं असलं तरी!

काकांची गाडी गुलमोहराखाली उभी असायची. त्या झाडाची बारीक पानं ड्रेनमध्ये बसून चिखल झाला होता. माझ्या सिलिकॉनचा आणि त्या पाण्याचा काही संबंधच नव्हता.

तपासणी: या क्रमानेच करा

१. आधी गाडी आतून कोरडी करा. मॅटिंग उचला. खालचा फोम ओला असेल तर बाहेर काढून वाळवा. ओल्या गाडीत नवी गळती कळत नाही.

२. ड्रेनमध्ये पेलाभर पाणी हळूच ओता. गाडीखाली लगेच पडलं तर ठीक. नाही पडलं तर मऊ नायलॉनच्या दोरीने साफ करा. टोकदार सळई घालू नका, कॉम्प्रेसरची हवाही जोरात मारू नका. आतली नळी फाटते किंवा सांध्यातून निसटते.

३. बीडिंग तपासा. काच आणि रबर यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवून दार लावा, मग पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दाबत नाही. पुढच्या काचेच्या वर छत जिथे लॅच होतं, तिथेही हेच करा. बऱ्याच गाड्यांत लॅच थोडा घट्ट करता येतो.

४. आता पाणी. एक जण आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. प्रेशर वॉशर नाही, साधी धार. खालून सुरुवात करा आणि एकेक भाग दोन-तीन मिनिटं भिजवत वर जा. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर कुठून आलं ते कधीच कळणार नाही.

जिप्सी किंवा जीपसारख्या गाड्यांच्या हूडला अशी पन्हळ नसते. तिथे पुढच्या काचेच्या फ्रेमचा सांधा, बाजूच्या पडद्यांच्या चेन आणि बटणांची भोकं आधी बघा.

दुरुस्ती: रोग तसं औषध

बीडिंग नुसतं मळलं असेल तर साबणाच्या पाण्याने पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. पेट्रोल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. रबराला तडे असतील तर बदलाच. शिवण झिरपत असेल तर सीम सीलर लावा, दोरा कुजला असेल तर पुन्हा शिवा. रेक्झिनच्या छताला छोटी फाट असेल तर आतून त्याच जातीचं ठिगळ लावा. कापडी छत धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर कापडाचा वॉटरप्रूफ स्प्रे मारा. आणि कापड जागोजागी विरलं असेल तर ग्राहकाला स्पष्ट सांगा, "साहेब, ठिगळाने भागणार नाही."

बांधकामाचं सिलिकॉन कापडावर लावू नका. ते सुटतं, डाग ठेवतं आणि पुढच्या माणसाची शिवण बिघडवतं.

आता धंद्याचं गणित

तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि ते आधीच सांगा. ग्राहकाने काम दिलं तर ते बिलात वजा करा. तुमचा तासभर फुकट नाही, आणि तपासणीचे पैसे मिळाले की उगाच काहीतरी दुरुस्त करून दाखवायची घाईही राहत नाही.

कामाआधी आणि नंतर फोटो काढा. गाडी देताना ग्राहकासमोर पुन्हा पाणी मारून दाखवा. हमी देताना "गाडी गळणार नाही" असं लिहू नका. "मागची शिवण आणि डावं बीडिंग" असं, जे काम केलं तेवढंच लिहा. ड्रेन दर पावसाळ्याआधी साफ करायचा, हेही बिलावर लिहून द्या. एप्रिल-मेमध्ये त्या ग्राहकाला एक फोन करा. वर्षाचं काम तिथूनच सुरू होतं.

काकांची गाडी मी तीन दिवस ठेवून घेतली. ड्रेन साफ केला, फोम वाळवला, कप्लर माझ्या खर्चाने बदलून घेतला. त्या कामात मला तोटाच झाला. पण दरवर्षी पावसाच्या तोंडावर काका आजही गाडी घेऊन येतात. गाडी मात्र अजून त्याच गुलमोहराखाली लावतात!