टर्की

गॅलिफॉर्मिस गणाच्या फॅजिॲनिडी कुलातील एक मोठा पक्षी. मोर, तितर व कोंबडी यांचाही समावेश याच कुलात होतो. टर्कीचे मूलस्थान उत्तर अमेरिका असून कॅनडाच्या दक्षिण सीमाभागापासून मेक्सिकोपर्यंत तो रानटी अवस्थेत आढळतो. याचे शास्त्रीय नाव मेलिॲग्रिस गॅलोपॅव्हो. याच वंशातील मे. ऑसिलेटा ही दुसरी जाती युकातान द्वीपकल्प व त्यालगतचा प्रदेश एवढ्यापुरतीच मर्यादित आहे. तुर्कस्तानाशी या पक्ष्याचा मूलतः काहीही संबंध नाही. तरीही इंग्रजीत त्याला त्या देशाचे नाव मिळाले आणि तुर्की भाषेत मात्र त्याला ‘हिंदी’ म्हणतात.

रानटी नराचे वजन सामान्यतः ५ ते ११ किग्रॅ. असते, मादी बरीच लहान असते. पिसे गडद रंगाची असून त्यांवर तांबूस व हिरवट धातूसारखी झळाळी असते. डोके व मान यांवर पिसे जवळजवळ नसतात. तेथील कातडीवर मांसल गाठी असतात. चोचीच्या बुडापासून एक मांसल भाग लोंबत असतो व तो लांब-आखूड होतो. नराच्या छातीवर राठ केसांसारख्या पिसांचा झुपका असतो. विणीच्या हंगामात नर शेपटी पंख्यासारखी पसरून मादीपुढे मिरवतो. मादी जमिनीवरील खळग्यात अंडी घालते, ती सु. २८ दिवसांनी फुटतात.

मेक्सिकोतील लोकांनी हा पक्षी २,००० वर्षांपूर्वीच माणसाळविला होता. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी स्पॅनिश लोकांनी तो यूरोपात नेला व काही दशकांतच तो तेथे सर्वत्र पसरला. पुढे सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी हा पाळीव पक्षी अटलांटिक ओलांडून पुन्हा उत्तर अमेरिकेत नेला.

नावांचा इतिहास : आफ्रिकेतील गिनी कोंबडी तुर्की अंमलाखालील प्रदेशांतून यूरोपात येत असे व इंग्लंडमध्ये तिला ‘तुर्की कोंबडी’ म्हणत. अमेरिकेतून आलेल्या नव्या पक्ष्याची तिच्याशी गल्लत झाली आणि नाव त्यालाच चिकटले. कोलंबस १४९२ मध्ये ज्या भूमीवर पोहोचला, तिला तो हिंदुस्थानचाच भाग समजत होता. त्या समजुतीमुळे स्पॅनिश लोक अमेरिकेला ‘इंडीज’ म्हणत. फ्रेंचमधील ‘दँद’ (मूळ अर्थ ‘हिंदुस्थानची’), रशियनमधील ‘इंदेइका’, पोलिशमधील ‘इंदिक’ व तुर्कीतील ‘हिंदी’ ही सर्व नावे हिंदुस्थानाकडे बोट दाखवितात. डच लोक तर त्याहून नेमके. त्यांचा ‘काल्कून’ हा शब्द केरळातील कालिकत बंदराच्या नावावरून आला असून डॅनिश ‘काल्कून’, स्वीडिश ‘काल्कोन’ व फिनिश ‘काल्कुना’ हे शब्द त्याच मालिकेतले होत. पोर्तुगीजांनी या पक्ष्याला ‘पेरू’ म्हटले, परंतु पेरू देशात रानटी टर्की नाही. मलाय भाषेत तो ‘डच कोंबडी’, तर ईजिप्तमधील अरबीत ‘रूमी कोंबडा’ ठरला. यांपैकी एकही नाव मेक्सिकोचा निर्देश करीत नाही. दूरची वस्तू ज्या वाटेने आली किंवा आली असे वाटले, त्या वाटेचे नाव तिला मिळते, हे यांवरून दिसते. मेक्सिकोच्या स्पॅनिशमधील ‘ग्वाहोलोते’ हा शब्द मात्र तेथील नाहुआत्ल भाषेतून आलेला आहे.

पोर्तुगीज ‘पेरू’पासून हिंदीत ‘पीरू’ हे टर्कीचे नाव रूढ झाले. मराठीत पेरू म्हणजे फळ. त्याचे नाव नासपती या अर्थाच्या पोर्तुगीज ‘पेरा’ या शब्दाशी जोडतात. कोकणीत त्याला ‘पेर’ म्हणतात. हे फळही मूळचे अमेरिकेतलेच.

शास्त्रीय नावही या गोंधळातून सुटलेले नाही. लिनीअस यांनी १७५८ मध्ये ते दिले. ‘मेलिॲग्रिस’ हा गिनी कोंबडीचा ग्रीक शब्द असून ‘गॅलोपॅव्हो’ हे नाव कोंबडा व मोर या अर्थांच्या लॅटिन शब्दांचा जोड आहे. म्हणजे टर्कीच्या नावात तीन पक्षी आहेत आणि त्यांत टर्की नाही. नाव अर्थाच्या दृष्टीने गैरलागू आहे, एवढ्याच कारणावरून प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते बदलता येत नाही.

रंगबदल : टर्कीचे डोके व मान उत्तेजित अवस्थेत तांबडी, पांढरी व निळी अशी रंग पालटतात. जपानी व कोरियन भाषांत याला ‘सात चेहऱ्यांचा पक्षी’ म्हणतात. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या दुर्मिळ जिनसांबरोबर हा पक्षी मोगल बादशाह जहांगीर याच्यापुढे आला. त्याचे नाव दरबारात कोणालाच ठाऊक नव्हते. जहांगीराने त्याला कोणत्याही देशाचे नाव न चिकटविता त्याचे बारकाईने निरीक्षण केले. डोके व मानेचे पोवळ्यासारखे तांबडे, कापसासारखे पांढरे व पिरोजी होणे आणि चोचीवरील मांसल भागाचे हत्तीच्या सोंडेप्रमाणे लोंबणे व आखडणे यांची नोंद त्याने आपल्या आत्मचरित्रात केली. त्याच्या आज्ञेवरून मन्सूर या चित्रकाराने काढलेले टर्कीचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझीयममध्ये आहे.

या रंगबदलाचे कारण कातडीच्या रचनेत आहे. तेथील कोलॅजेन तंतूंच्या जुड्यांमध्ये रक्तवाहिन्या असतात. त्या फुगल्या किंवा आकसल्या, की तंतूंमधील अंतर बदलते व प्रकाशाचे प्रकीर्णन निराळे होते. याच तत्त्वावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी विषाणूंच्या तंतूंपासून रंग बदलणारा संवेदक तयार केला व २०१४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. स्फोटक द्रव्याची वाफ ओळखण्यास तो उपयोगी पडू शकतो.

इतर माहिती : शेक्सपिअरच्या हेन्री द फोर्थ  या नाटकाच्या पहिल्या भागात टर्कीचा उल्लेख आहे. नाटकातील काळ पंधराव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे कोलंबसच्या सफरीपूर्वीचा असल्याने तो कालविपर्यास होय. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी टर्कीला अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह करावे असा प्रस्ताव मांडला, ही समजूत निराधार आहे. १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी गरुडापेक्षा टर्की बरा, असे विनोदाने म्हटले होते. टर्कीच्या काही अफलित अंड्यांतही भ्रूण वाढतो, असे १९५० च्या दशकात अमेरिकेतील बेल्ट्‌सव्हिल येथे आढळून आले. अशी पिले नेहमी नरच असतात.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या ‘थँक्सगिव्हिंग’ सणाच्या भोजनात टर्कीला मुख्य स्थान आहे. मांसासाठी वाढविलेल्या रुंद छातीच्या वाणातील नर अतिशय जड झाल्याने नैसर्गिक समागम करू शकत नाहीत. त्यांची पैदास कृत्रिम वीर्यसेचनाने करतात. भारतात इज्जतनगर (उत्तर प्रदेश) येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कॅरी विराट’ हा पांढऱ्या पिसांचा वाण विकसित केला आहे.