जत्रेतला गोल्डफिश आठ दिवसांत का मरतो? मासा नंतर आणा, आधी पाणी तयार करा

जत्रेत, आठवडी बाजारात किंवा तालुक्याच्या गावी स्टँडजवळच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन लाल मासे मिळतात. लेकरं हट्ट धरतात. सोबत काचेचा गोल बाऊल आणि खाद्याची डबी घेतली जाते. दोन दिवस घरभर कौतुक असतं. चौथ्या दिवशी पाणी गढूळ होतं, मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो आणि आठवडा भरायच्या आत उलटा तरंगतो. मग कुणी म्हणतं खायला कमी पडलं, कुणी म्हणतं दुकानदारानं आजारी मासा दिला.

कधी कधी मासा आजारी असतोही. पण उपाशी राहून मेला असं सहसा होत नाही. बहुतेक मासे पाण्यामुळं मरतात, आणि ते पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी मरतात. हे एकदा समजलं की निम्मं काम झालं.

पाण्यात नेमकं काय होतं?

मासा खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य सडलं की त्यातूनही अमोनिया तयार होतो. नदी-तळ्यात पाणी भरपूर असतं, तिथं तो विरून जातो. पाच लिटरच्या बाऊलमध्ये तो साठत राहतो. अमोनियाला रंग नसतो, पण तो माशाचे कल्ले जाळतो.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. कच्चं शेणखत रोपाच्या बुडाशी टाकलं तर मूळ जळतं, कुजलेलं खत टाकलं तर तेच रोप तरारतं. शेतात युरिया टाकला की आधी त्याचा अमोनिया होतो. मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात. फिश टँकमध्येही हेच घडावं लागतं. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशाला विषारी आहेत. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात चालतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं.

अडचण एवढीच की नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. ते वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपण टँक सकाळी आणतो आणि मासे संध्याकाळी सोडतो, तिथंच चूक होते.

पाणी तयार करायची पद्धत

टँक धुऊन घ्यायचा, पण साबण किंवा निरमा लावायचा नाही. पाणी भरून स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप सुरू करायचा. रोज चिमूटभर माशाचं खाद्य त्यात टाकायचं. ते सडून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. मासा न सोडता महिनाभर हे चालू ठेवायचं. कुणाकडं जुना, चांगला चालणारा टँक असेल तर त्यातला वापरलेला स्पंज मागून आणावा. विरजण लावल्यासारखं काम होतं आणि वेळ वाचतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट फिश टँकच्या दुकानात मिळतं. दोन्ही शून्य आले की टँक तयार झाला. किट नसेल तर महिना भरल्यावर एक-दोनच मासे सोडावेत आणि बाकीचे पंधरा दिवसांनी आणावेत.

पाणी कुठलं घ्यायचं, हेही महत्त्वाचं आहे.

- नळाचं पाणी: ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर पडते. त्यातला क्लोरीन आपल्याला चालतो, माशाला आणि जिवाणूंना चालत नाही. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे हायपोचे खडे पाकिटावरच्या प्रमाणात टाकावेत.
- बोअरचं पाणी: यात क्लोरीन नसतो, पण क्षार जास्त असतात आणि ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो. एक दिवस बादलीत ठेवून, ढवळून मग वापरावं. क्षारयुक्त पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून बोअरवाल्यांनी खाद्य आणखी बेतानं टाकावं.
- आरओचं पाणी: नुसतं वापरू नये. त्यातली खनिजं निघून गेलेली असतात.
- तांब्याचा हंडा: यात साठवलेलं पाणी टँकला नको. तांबं माशाला विषारी असतं.

बाऊल नको, पेटी घ्या

गोल्डफिश हा मूळचा चीनमधला, आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला मासा. दुकानात तो दोन इंचांचा दिसतो, पण नीट सांभाळला तर सहा-आठ इंच वाढतो आणि १० ते १५ वर्षं जगतो. शेळीच्या पिल्लाएवढ्या जागेत रेडकू वाढवायचा प्रयत्न केला तर जे होईल, तेच बाऊलमधल्या गोल्डफिशचं होतं.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी बसतं, म्हणजे एकूण ५६ लिटर. वरची जागा आणि खालची वाळू सोडली तर ५० लिटरच्या आतबाहेर पाणी राहतं. एवढ्या पाण्यात लहान गोल्डफिश दोनच ठेवावेत आणि ते वाढले की मोठ्या पेटीत हलवावेत. पाण्याचंच वजन ५० किलो होतं, त्यावर काच आणि वाळू वेगळी. म्हणून पेटी टीव्हीच्या फळीवर न ठेवता भक्कम ओट्यावर ठेवावी. थेट ऊन येईल तिथंही नको. पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

आपल्या घराला कुठला मासा जमेल?

गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, १८ ते २४ अंशांच्या आसपास. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, त्यात पत्र्याच्या घरात, त्याला जड जातं. अशा घरांसाठी दुसरे मासे बरे पडतात.

गप्पी: डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य विभाग वापरतो तोच हा मासा. दुकानातले रंगीत गप्पी त्याच जातीचे. चिवट असतात आणि ५० लिटरमध्ये दहा-बारा राहतात. मात्र मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एक वेत आणि एका वेळी डझनभर किंवा त्याहून जास्त पिल्लं. गर्दी नको असेल तर फक्त नर ठेवावेत. रंगीत, मोठ्या शेपटीचे असतात ते नर.

मोली आणि प्लॅटी: यांना क्षारयुक्त पाणी मानवतं, त्यामुळं बोअरवाल्या घरांना सोयीचे.

फायटर: हा वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळं वीज गेली तरी तग धरतो. पण एका टँकमध्ये एकच नर. दोन ठेवले तर एकमेकांना फाडतात. यालाही काचेचा पेला पुरत नाही, निदान १०-१५ लिटर पाणी हवं.

पिशवीतून टँकमध्ये

मासा घरी आणल्यावर पिशवी न फोडता १५-२० मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं होतं. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी त्यात घालावं. शेवटी जाळीनं मासा अलगद टँकमध्ये सोडावा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नये, त्यात घाण आणि रोग असू शकतो.

खायला किती?

माणूस जवळ आला की मासे काचेपाशी गोळा होतात. ती दर वेळी भूक नसते, खाऊ मिळतो त्याची सवय असते. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य टाकावं. चपाती, भात, मुरमुरे, बिस्कीट टाकू नये. यातलं बरंचसं तळाला जाऊन सडतं. गोल्डफिशला अधूनमधून उकडलेला, साल काढलेला मटार चुरून दिला तर चालतो. लग्नकार्याला दोन-तीन दिवस गावाला जायचं असेल तर निरोगी मोठा मासा न खाता राहतो. शेजाऱ्याच्या पोरानं मायेनं मूठभर खाद्य टाकण्यापेक्षा ते बरं.

आठवड्याचं काम

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच मुरवलेलं, त्याच तापमानाचं पाणी घालायचं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, तयार झालेलं बिघडतं. स्पंज नळाखाली धुऊ नये. काढलेल्या पाण्यातच हलका पिळून परत लावावा, म्हणजे त्यातले जिवाणू वाचतात. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, ते तुळशीला किंवा परसातल्या भाजीला घालावं. मीठ किंवा औषध टाकलेलं पाणी मात्र झाडाला नको.

वीज गेली, ऊन तापलं तर

पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. भारनियमनात पंप बंद पडला की उन्हाळ्यात मासे लगेच वर येतात. अशा वेळी मगानं पाणी उचलून थोड्या उंचीवरून परत टँकमध्ये ओतावं, दर दहा-पंधरा मिनिटांनी. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंपही मिळतो. पाणी फार तापलं तर बाटलीत पाणी भरून, झाकण घट्ट लावून बर्फ करावा आणि ती बाटली टँकमध्ये तरंगत ठेवावी. बर्फ थेट टाकू नये.

हवापंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच टांगावा. खाली ठेवला तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. वायर बोर्डाकडं जाण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळ बोर्डात जात नाही. टँकमध्ये हात घालण्याआधी बटण बंद करायची सवय लेकरांना पहिल्या दिवसापासून लावावी.

फवारणीचे हात टँकमध्ये नकोत

शेतकऱ्याच्या घरात हा धोका शहरापेक्षा मोठा आहे. सायपरमेथ्रीन, लॅम्बडा यांसारखी कीटकनाशकं माशांना अत्यंत घातक असतात, अगदी थोडी मात्राही पुरते. मोरचूदही तसंच. फवारणी करून आलेल्या माणसानं त्या दिवशी टँकला हात लावू नये. औषधाची बादली किंवा मग पाणी बदलायला वापरू नये. घरात डासांचा स्प्रे मारायचा असेल तर आधी हवापंप बंद करावा, कारण तो खोलीतली हवा पाण्यात ओढतो. टँकवर ओला कपडा झाकावा आणि खोली मोकळी झाल्यावर पंप लगेच सुरू करावा.

आजार कसा ओळखायचा?

मासा वर येऊन धापा टाकत असेल तर आधी पाव ते निम्मं पाणी बदलावं आणि हवा वाढवावी. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो परजीवीचा रोग असतो. सुरुवातीला गोल्डफिश, गप्पी, मोली यांना लिटरला १ ते ३ ग्रॅम खडे मीठ उपयोगी पडतं. मीठ बादलीत विरघळवून एक-दोन दिवसांत थोडं थोडं घालावं. माणसांच्या किंवा जनावरांच्या गोळ्या अंदाजानं टाकू नयेत.

नको झाला तर विहिरीत सोडू नका

कंटाळा आला की मासा विहिरीत, ओढ्यात, पाझर तलावात सोडायचा, याला अनेक जण पुण्य समजतात. तो उलट तोट्याचा सौदा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल शहरातल्या तळ्यात लोकांनी सोडलेले गोल्डफिश फुटबॉलएवढे झाले. २०२१ मध्ये तिथल्या नगर प्रशासनाला लोकांना जाहीर विनंती करावी लागली. गोल्डफिश तळ उकरतो, पाणी गढूळ करतो. टँकची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. तो आपल्या देशातल्या नद्या-तलावांत पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आफ्रिकेतून आलेल्या चिलापीनं उजनीत देशी माशांची जागा कशी घेतली, हे तिथल्या मच्छीमारांना ठाऊक आहे.

मासा नको असेल तर दुकानदाराला परत द्यावा किंवा ज्याच्याकडं टँक आहे त्याला द्यावा. मेलेला मासा झाडाच्या बुडाशी पुरावा. डासांसाठी गप्पी कुठं सोडायचे हे आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याला विचारूनच ठरवावं.

यंदाच्या जत्रेत लेकरानं मासा मागितला तर नाही म्हणायची गरज नाही. महिनाभर आधी पेटी आणून पाणी भरून ठेवावं, रोज चिमूटभर खाद्य टाकायचं काम लेकराकडंच द्यावं. पेरणीआधी रान तयार करावं लागतं, हे शेतकऱ्याच्या घरातल्या लेकराला वेगळं शिकवावं लागत नाही.